दम्मामला फिटर म्हणून निघालोय, दोन महिन्यांत बोलण्यापुरती अरबी कशी शिकू?

तुम्ही खानापूरचे आहात आणि अरबीचा एक शब्दही येत नाही, असं लिहिलंय. मी बेळगावच्या उद्यमबागेत फिटर होतो, नंतर नऊ वर्षं सौदीत, दम्मामच्या वर जुबैलला काढली. घाबरू नका. कन्नड तरी आपण कुठे पुस्तकातून शिकलो? बाजारात ‘एष्टु री’, ‘बेकु’, ‘बेडा’, ‘गोत्तिल्ला’ एवढ्यावर सुरुवात झाली, बाकीचं बोलता बोलता आलं. अरबीलाही तसंच भिडा. ‘बिकम’ म्हणजे केवढ्याला, ‘अब्घा’ म्हणजे हवंय, ‘मा अब्घा’ नको, ‘मा अद्री’ माहीत नाही.

यूट्यूबवर शोधताना ‘सौदी बोली’ किंवा ‘आखाती अरबी’ असं शोधा. बेळगावात माणूस ‘काय करुलालास?’ विचारतो, शाळेच्या पुस्तकात ‘काय करत आहेस?’ असतं. तिकडेही पुस्तकात ‘माझा तफ्अल’ आणि साइटवर ‘ऐश तसव्वी’. पुस्तकी बोललात तर समजतं त्यांना, पण ते जे बोलतात ते तुम्हाला कळणार नाही.

पहिल्या आठवड्यात आकडे पाठ करा. एकवीसला ते ‘वाहिद व इश्रीन’ म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. कन्नडच्या ‘इप्पत्तोंदु’मध्ये वीस आधी येतात, अरबी मात्र आपल्या एकवीस-बावीसच्या वळणाची आहे. लिहिलेले अंक वेगळे शिका: टिंब म्हणजे शून्य, आणि आपल्याला शून्य वाटतो तो गोल म्हणजे पाच. हिशेब, दुकान, साबण, वकील, तारीख हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आलेत. पगाराला ‘रातिब’ म्हणतात, आपला दुधाचा रतीब त्यातलाच. ‘रक्कम’ मात्र जपून. तिकडे ‘रकम’ म्हणजे नंबर. ‘रकम जव्वाल’ मागितला तर मोबाईल नंबर द्यायचा. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे पंपाचा ‘बंब’ होतो. ‘बंब खरबान’ ऐकलं की पाणी तापवायचा बंब डोळ्यांपुढे आणू नका, पंप बिघडलाय.

आता मुख्य गोष्ट. कॅम्पमध्ये बंगाली, नेपाळी, पाकिस्तानी, केरळचे, सगळे मिळून एक मोडकी अरबी बोलतात: ‘अना मा फी मालूम’, मला माहीत नाही. पंधरा दिवसांत ती तोंडात बसते आणि माणूस तिथेच थांबतो. मीही थांबलो होतो. त्या बोलीत ‘कर’, ‘केलं’, ‘करतो’ असा फरकच राहत नाही. दुसऱ्या महिन्यात मी गरम पाण्याच्या लाइनवर होतो. फोरमनने वरून ओरडून विचारलं, ‘सक्कर्त?’ मला ‘सक्किर’ ऐकू आलं, म्हणजे बंद कर. मी ‘ऐवा’ म्हणालो, हो, करतो. त्याचा प्रश्न होता, बंद केलास का? माझ्या हो वर त्याने जोडीदाराला फ्लँज (पाइपचा जोड) सोडायला सांगितली. पाणी जोडीदाराच्या मनगटावर आलं. तो हात बरा व्हायला महिना लागला, आणि त्या महिन्यात मी रोज त्याच्या पट्टीकडे बघत जेवलो.

म्हणून प्रत्येक क्रियापद जोडीने पाठ करा. ‘सक्किर’ बंद कर, ‘सक्कर्त’ बंद केलंस. ‘शिल’ उचल, ‘शिल्त’ उचललंस. ‘जीब’ आण, ‘जिब्त’ आणलंस. शेवटचा ‘त’ ऐकायची कानाला सवय लावा. मोबाईलवर रेकॉर्ड करून जाता-येता बसमध्ये ऐका. वीस क्रियापदं पुरेत. आणि मान डोलावण्याआधी ‘मा फहिम्त’ (कळलं नाही), ‘मर्रा थानिया’ (पुन्हा एकदा), ‘शवय शवय’ (सावकाश) हे तोंडातून यायला हवं. कोणीही रागावत नाही.

वागण्याचंही थोडं. आत जाताना आधी ‘अस्सलामु अलैकुम’, काम नंतर. ‘सबाह अल-खैर’ (शुभ सकाळ) कानावर आलं तर उत्तर ‘सबाह अन-नूर’. सुट्टी शुक्रवारी असते, बऱ्याच ठिकाणी शनिवारीही; रविवारी ड्यूटी. कोणी गहवा (अरबी कॉफी) दिला तर उजव्या हाताने घ्या. पुरे झाला की पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्या, नाहीतर तो पुन्हा भरत राहील.