हिरडीतून रक्त येतंय म्हणून ब्रश सोडू नका

ताई, ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं म्हणून तीन आठवडे ब्रश बाजूला ठेवून बोटानं मंजन लावताय, असं तुम्ही लिहिलंय. आई मशेरी लावतात आणि त्यांच्या हिरड्यांतून मात्र रक्त येत नाही, असंही. कृपा करून आज रात्रीच ब्रश पुन्हा हातात घ्या. मीही हेच केलं होतं. डावीकडच्या खालच्या दाढांशी रक्त यायचं, म्हणून मी ती बाजू चुकवत गेले. चार-पाच वर्षं. दुखत काहीच नव्हतं. दाढ हलायला लागली तेव्हा दाखवायला गेले, तोवर आतलं हाड झिजलं होतं. दोन दाढा काढाव्या लागल्या. हिरडीची सूज उतरते, पण झिजलेलं हाड आपलं आपण भरून येत नाही.

दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. सकाळी जीभ फिरवल्यावर बुळबुळीत लागतो तोच. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. म्हणजे ब्रशनं इजा झाली असं नाही, तिथं ब्रश पोचत नव्हता. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी 1965 साली 12 निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात सूज गेली. तुमचे तीन आठवडे म्हणजे तेच 21 दिवस.

ब्रश मऊच घ्या. केस तिरके, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग पुढच्या दोन-तीन दातांकडे सरका. करवतीसारखं आडवं जोरात घासलं की दाताची मान, म्हणजे हिरडीलगतचा भाग, झिजते आणि गार पाण्यानं कळ जाते. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरू नका. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, त्यामुळे किटण तिथं सगळ्यात लवकर धरतं. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातलं रात्रीचं अजिबात चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांची राखण करणारी तीच तर असते. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. घासून झालं की थुंका, खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. दोन दातांमधल्या फटीत ब्रश जात नाही, तिथं दिवसातून एकदा दातांसाठीचा दोरा (फ्लॉस) फिरवा. पहिले काही दिवस त्यानंही रक्त येईल. थांबू नका.

आता आईंच्या मशेरीबद्दल. ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ हे त्या खरंच सांगत असतील. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी रक्त दिसत नाही. धोक्याची खूणच पुसली जाते. आपल्या सरकारनं 1992 साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली ती उगाच नव्हे. मीठ-लिंबू चोळणंही नको, लिंबाच्या आंबटानं दाताचं वरचं आवरण विरघळतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, त्या जरूर करा, पण थर काही त्यानं निघत नाही.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात, ही भीती फार घरांत आहे. किटण एकदा दगडासारखं कडक झालं की कुठल्याही ब्रशनं निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं. ते दातांमध्ये ठाण मांडून बसलेलं असतं, म्हणून काढल्यावर फटी दिसतात आणि दात सैल वाटतात. आधीपासून सैल झालेला दात तेव्हा लक्षात येतो, इतकंच.

दोन आठवडे असं नीट करूनही रक्त थांबलं नाही, पू दिसला किंवा दात हलला तर वाट बघू नका. मधुमेह असेल तर आत्ताच जा, साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात. जाताना आईंनाही सोबत न्या. मशेरी जिथं लावतात तिथं हिरडीवर, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरलेली जखम आहे का, ते डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा.