थायरम लावूनही ओंब्या काळ्या का पडतात?

प्रश्न : लोकवन गव्हाचं घरचंच बियाणं तीन वर्षं पेरतोय. दरवेळी पेरणीआधी बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळतो, तरी शंभरात चार-पाच ओंब्या काळ्या निघतात. औषध बनावट असेल का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : औषध अस्सल असलं तरी हेच होणार. काणी, म्हणजे काजळी, दाण्याच्या सालीवर नसते, आतल्या अंकुरात असते. गहू फुलोऱ्यात असताना काळ्या ओंबीची भुकटी वाऱ्याने शेजारच्या फुलांवर पडते, बुरशी कोवळ्या दाण्यात शिरते आणि पुढच्या पेरणीपर्यंत तिथेच दडून राहते. असा दाणा टपोरा दिसतो, उगवतोही नीट, त्यामुळे चाळून-निवडून तो वेगळा काढता येत नाही. थायरमचं काम सालीवरचं आणि भोवतालच्या मातीतलं; आत ते पोचत नाही.

इथे अंतरप्रवाही, म्हणजे दाण्याच्या आत शिरणारं, औषधच हवं. कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे तयार मिश्रण किलोला ३ ग्रॅम, म्हणजे एकरी ४० किलो बियाण्याला १२० ग्रॅम. किंवा टेब्युकोनॅझोल २ टक्के डीएस (बियाण्याला लावायची भुकटी) किलोला १ ग्रॅम. दोन्हींतलं एकच वापरा.

मिश्रण ३०० ते ४०० मिली पाण्यात कालवा आणि बियाणं ड्रममध्ये किंवा ताडपत्रीवर हातमोजे घालून खालीवर करा. मूठभर दाणे उलटून पाहा : पोटावरच्या चिरेतही रंग उतरला पाहिजे. पाणी जास्त झालं की दाणा फुगतो आणि पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, नळ्यात अडकतो. सावलीत सुकवा. उरलेलं बियाणं धुऊनसुद्धा खाण्यात किंवा जनावरांपुढे जाऊ देऊ नका.

पण त्या वावरातलं बियाणं आता थांबवाच, यंदा प्रमाणित घ्या. उभ्या पिकात काळी ओंबी दिसली तर आधी तिच्यावर पिशवी चढवा, मग झाड उपटून जाळा. नुसती उपटलीत तर भुकटी तुम्हीच शेतभर पसरवाल.

प्रश्न : मावा या रस शोषणाऱ्या किडीचं औषध आणि जिवाणू खत बुरशीनाशकासोबत बियाण्याला एकदमच लावलं तर चालेल?
– एक वाचक, कन्नड तालुका

उत्तर : एकाच घमेल्यात नको, बुरशीनाशकात जिवाणू मरतात. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर माव्यासाठी थायामेथोक्झाम ३० एफएस (बियाण्याला लावायचं द्रव कीटकनाशक), १० किलोला ७.५ मिली. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सर्वांत शेवटी, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, आणि लगेच पेरणी. तांबेरा हा गव्हाचा बुरशीजन्य रोग मात्र वाऱ्यासोबत येतो. बीजप्रक्रियेवर विसंबू नका, तिथे प्रतिकारक वाणच निवडा.