पडद्यावर दिसतं, वहीत उतरत नाही

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसच्या (एकाहून जास्त चलांच्या कलनाच्या) प्रॅक्टिकलला जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर आलेख फिरवून बघते तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं. घरी वही उघडली की सॅडल पॉइंट म्हणजे काय तेही धड सांगता येत नाही, आणि डबल इंटिग्रेशनच्या मर्यादा तर हमखास चुकतात. कॉम्प्युटरवर जास्त बसू की गणितं सोडवू?
– एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : दोन्ही कर, पण आधी हात आणि मग पडदा. मी रत्नागिरीत हा विषय शिकवते. जिओजेब्रात त्रिमितीची सोय झाल्यावर मी पहिल्याच तासाला प्रोजेक्टर लावला. वर्ग हरखून गेला, पण चाचणीत निम्म्या मुलांना साधा छेद काढता आला नाही. आलेख कसा दिसेल याचा अंदाज बांधायला मी त्यांना वेळच दिला नव्हता.

तेव्हापासून सॅडल पॉइंटच्या तासाला मी परात आणि ओली माती घेऊन जाते. तूही कर. समोरासमोर दोन डोंगर रच, परातीच्या काठाला टेकलेले, आणि मधे खिंड ठेव. आंबोलीच्या वाटेवर घाट चढून माथ्यावर येतो ना, तशी : रस्त्याने जाणाऱ्याला ती सगळ्यांत उंच जागा, आणि एका डोंगरावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्याला सगळ्यांत खोल. हाच सॅडल पॉइंट. आता खिंडीच्या दोन्ही बाजूंना सावकाश, सारखं पाणी ओत. प्रत्येक बोटभर पाण्याला काठाची रेघ काडीने मातीवर ओढ. ह्याच समोच्च रेषा, टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर असतात त्याच. दोन्ही तळी वाढत वाढत खिंडीत एकमेकांना भेटतात त्या क्षणी काठांची फुली होते. अशा खिंडीचं साधं सूत्र म्हणजे क्ष-वर्ग वजा य-वर्ग; ते बरोबर शून्य धरून सोडव, त्याच दोन छेदणाऱ्या रेषा मिळतील. मग पट्टी उभी धरून माती काप. कापलेल्या कडेचा चढ म्हणजे पार्शल डेरिव्हेटिव्ह, एक चल जागीच धरून दुसऱ्याच्या दिशेने मोजलेला. हे एवढं झालं की मगच जिओजेब्रा उघड.

पडद्यावर पूर्ण विसंबू नकोस, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. एक अपूर्णांक घे : वर क्ष-वर्ग गुणिले य, खाली क्षचा चौथा घात अधिक य-वर्ग. आरंभबिंदूकडे हव्या त्या सरळ रेषेने जा, किंमत शून्याकडेच जाते. रेषेचा चढ बदलणारा स्लायडर कितीही फिरवलास तरी शून्यच, म्हणून सीमा (लिमिट) शून्य आहे अशी खात्री वाटू लागते. पण य बरोबर क्ष-वर्ग ह्या वक्रावरून ये : किंमत सतत अर्धा! म्हणजे सीमाच अस्तित्वात नाही. कॉम्प्युटर ठरावीक बिंदूंवर किंमती काढून मधला पृष्ठभाग जोडून देतो. तो वक्र सुचणं आणि त्यावर किंमत काढणं हे काम तुझं.

डबल इंटिग्रेशनमध्ये बहुतेक जण चुकतात ते प्रदेश न काढता मर्यादा लिहितात म्हणून. हे घे : क्ष ० ते १, य क्षपासून १ पर्यंत, आत ईचा य-वर्ग घात, आधी यने संकलन (इंटिग्रेशन). असं ते सुटत नाही, कारण त्या फलाचं प्रतिविकलज आपल्या नेहमीच्या फलांत मांडताच येत नाही. त्रिकोण काढ. आत्ता पट्ट्या उभ्या आहेत, त्या आडव्या कर. एका आडव्या पट्टीत क्ष शून्यापासून यपर्यंत जातो, म्हणून आत य गुणिले तोच घात येतो, आणि य-वर्गाला एक नवं अक्षर दिलं की गणित चार ओळींत संपतं. उत्तर ई वजा १, भागिले २, म्हणजे साधारण ०.८५९. आधी हाताने काढ, मग कॉम्प्युटरवर ताडून बघ. जुळलं नाही तर पहिल्यांदा त्रिकोण तपास.