आयर्लंडची बंडाची गाणी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ब्रिटिश सत्तेविरुद्धचे आयर्लंडचे बहुतेक उठाव फसले. मग त्यांच्यावर एवढी गाणी कशी?

फसले म्हणूनच! सन १७९८ च्या उठावात वेक्सफर्डचे धर्मगुरू जॉन मर्फी लोकांचे पुढारी झाले आणि पकडले जाऊन मारले गेले. त्यांच्यावरचं ‘बूलाव्होग’ पी. जे. मॅकॉल यांनी लिहिलं ते तब्बल शंभर वर्षांनी, १८९८ मध्ये. ज्यांनी तो उठाव पाहिलाही नव्हता, त्यांना या गाण्याने त्याचा वारस केलं.

कधी गाणं लगेचही येई. १८६७ मध्ये मँचेस्टरला ॲलन, लार्किन आणि ओब्रायन या आयरिश बंडखोरांना फाशी झाली. खटल्यात आरोपींनी दिलेली ‘गॉड सेव्ह आयर्लंड’ ही घोषणा घेऊन टी. डी. सलिव्हन यांनी काही दिवसांतच गीत रचलं. चाल मात्र अमेरिकन यादवी युद्धातल्या एका लोकप्रिय गाण्याची. ती आधीच लोकांच्या ओठांवर होती, त्यामुळे नुसते शब्द पाठ केले की झालं. पुढे कित्येक वर्षं आयरिश राष्ट्रवाद्यांनी तेच राष्ट्रगीत मानलं.

आजचं राष्ट्रगीतही बंडाचंच आहे का?

हो. पीडर कर्नी यांचे शब्द, पॅट्रिक हीनी यांची चाल. १९१६ च्या ईस्टर उठावात बंडखोर ते गात होते. १९२६ मध्ये ते राष्ट्रगीत झालं.

सरकारला गाण्यांची खरोखर भीती वाटते?

१९८८ चं उदाहरण बघा. बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत नाहक दोषी ठरलेल्या सहा जणांची बाजू घेणारं ‘द पोग्ज’ या बँडचं गाणं ब्रिटनमधल्या खासगी वाहिन्यांवर बंद केलं गेलं. १९९१ मध्ये ते सहाही जण सुटले. मला तरी ही बंदी लाजिरवाणीच वाटते.

आज ही गाणी म्हणणं योग्य आहे का?

गावीत, पण गाणं काय गाळतं तेही माहीत असावं. केव्हिन बॅरी हा अठरा वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी १९२० मध्ये फासावर गेला. फाशीऐवजी सैनिकासारखी गोळी घाला, ही मागणी त्याच्यावरच्या गाण्यात येते. ज्या चकमकीसाठी त्याला फाशी झाली, तिच्यात मेलेले तीन ब्रिटिश सैनिक मात्र येत नाहीत. २०२२ मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने विजयाच्या भरात आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेचा जयजयकार असलेली ओळ म्हटली आणि नंतर माफी मागितली. माफी मागायलाच हवी होती. त्या संघटनेच्या बॉम्बहल्ल्यांत ज्यांची माणसं गेली, ती कुटुंबं आजही आहेत.