वाचक विचारतात: कौलं काढून स्लॅब टाकू का?

प्रश्न: ताई, मालवणजवळ देवबागला आमचं कौलारू घर आहे, सासऱ्यांनी त्यातल्या दोन खोल्या एमटीडीसीच्या, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाच्या, न्याहारी-निवास योजनेत घातल्या होत्या. आधी मुंबई-पुण्याची ठरलेली माणसं फोन करून यायची आणि घरच्यासारखी राहायची. आता फोन उचलला की एसी आहे का, वायफाय आहे का, फोटो पाठवा. मुलगा म्हणतो कर्ज काढू, स्लॅब टाकून चार एसी खोल्या करू. माझं मन धजत नाही.

उत्तर: कर्जाची सही अजिबात घाईत करू नका. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, तिथे सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम बघितल्याशिवाय बांधकामाचा विषयच काढायचा नाही. आणि समजा परवानगी मिळाली तरी चार एसी खोल्यांचं लॉज किनारपट्टीला पावलोपावली आहे, मग लोक फक्त रेट बघणार आणि तुम्ही रेट पाडत बसणार.

पण एक सांगते, राग मानू नका, एसी-वायफाय विचारणारा माणूस वाईट नसतो. तो आधी कधी आलेला नाही, तुम्हाला ओळखत नाही, फोटो आणि रिव्ह्यू एवढ्यावरच त्याला पैसे भरायचेत. सोबत म्हातारे आईवडील असतात, लहान मूल असतं, किंवा ती एकटी मुलगी असते जिला आतून नीट लागणारी कडी आणि घरात बाईमाणूस आहे हे कळायला हवं असतं. म्हणून खर्च करायचा तर आधी बाथरूमवर करा, खोलीला लागून, कमोडवालं, गरम पाणी, कोरडी फरशी. मग इन्व्हर्टर, पावसात लाईट जाते हे आपल्याला माहितीच आहे. एका खोलीला खालून सिलिंग मारून एसी बसवता येतो, त्यासाठी कौलं काढावी लागत नाहीत.

वायफाय मात्र खरंच लावा, कारण आता लॅपटॉप घेऊन आठ-पंधरा दिवस राहणारेही येतात, आणि त्यांच्यामुळे सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या खोल्या भरतात. त्यांना एक टेबल, बरी खुर्ची आणि रात्री साधा वरणभात पुरतो, रोज सुरमई नको असते. २०२३ पासून वंदे भारत कणकवलीला थांबते, त्यामुळे बिनगाडीची माणसंही वाढलीत, त्यांना स्टेशनवरून आणायला गावातला रिक्षावाला आधीच ठरवून द्या.

आणि सकाळच्या न्याहारीला ब्रेड-बटर देऊ नका हो! घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, हे पाहुण्याला शहरातल्या हॉटेलात कुठे मिळणार? मंडणगडातलं वेळास बघा, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या साध्या घरात, त्यांच्या हातचं जेवून आनंदाने राहतात.

बुकिंगच्या ॲपवर नाव जरूर घाला, जुन्या लोकांचे फोनही चालू ठेवा, फक्त दोन्हीकडच्या तारखा एकाच वहीत लिहा नाहीतर एकाच खोलीला दोन पाहुणे उभे राहतील. पावसाळ्यात स्कुबा (समुद्राखालची सैर) आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात हे ॲपवर स्पष्ट लिहा, म्हणजे येऊन कोणी हिरमुसणार नाही. मुलाला फोटो, कॅलेंडर, रिव्ह्यूंची उत्तरं हे सगळं सोपवून टाका, त्याला काहीतरी नवं करायचंय आणि ते चांगलंच आहे.

प्रश्न: आमच्याकडे पहिल्यांदाच फ्रान्सचं जोडपं येतंय. वेगळं काही करावं लागतं का?

उत्तर: हो, आणि हे विसरायचं नाही. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन फॉर्म भरून कळवावी लागते (आधी याला फॉर्म सी म्हणत), घरात दोनच खोल्या असल्या तरी. त्यासाठी आधी तुमच्या घराची नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं, ते आजच सुरू करा. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आल्या आल्या काढून घ्या. जेवणात तिखट किती चालतं ते मात्र आधी मेसेज करून विचारा.