बर्फावरून बेंचमागे : आइस हॉकीच्या कोचविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॅरोलिना हरिकेन्सचे कोच रॉड ब्रिंडामोर हे त्याच संघाचे जुने कप्तान. गाजलेला खेळाडू निवृत्त झाला की क्लब त्याला सरळ कोच करतो, असंच ना? (वाचक, नाशिक)

सरळ नाही. मध्ये आठ वर्षं गेली. ब्रिंडामोर २०१० मध्ये थांबले तेव्हा त्यांच्या खात्यावर एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) १,४८४ सामने आणि ४५२ गोल होते. २००६ चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांनी कप्तान म्हणून उचलला होता. बचावातही चोख असणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी लागोपाठ दोनदा घेतली होती. तरीही २०११ पासून त्यांनी असिस्टंट म्हणून काम केलं आणि मुख्य कोच झाले ते २०१८ मध्ये. २००९ नंतर प्लेऑफचं (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचं) तोंड न पाहिलेला संघ त्यांच्या पहिल्याच हंगामात तिथे पोचला. २०२१ मध्ये सर्वोत्तम कोचची जॅक अॅडम्स ट्रॉफीही आली.

असिस्टंटकडे सहसा एखादं खातं असतं: पॉवर प्ले (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाचा खेळ), पेनल्टी किल (आपला बाहेर असतानाचा) किंवा बचावपटूंच्या जोड्या. खेळाडू असताना आपल्या शिफ्टपुरतं, म्हणजे बर्फावरच्या आपल्या एका फेरीपुरतं, बघितलं तरी निभतं. इथे मात्र अठरा जणांच्या शिफ्ट बघायच्या, चूक कुठे सुरू झाली ते व्हिडिओवर शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मोजक्या शब्दांत सांगायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतोच.

प्रश्न : सामना चालू असताना कोच मागे नुसता उभा दिसतो. खेळाडू तर आपापले कठड्यावरून उड्या मारत आत-बाहेर करतात. मग तो करतो काय? (वाचक, ठाणे)

त्या उड्यांचा हिशेब त्याच्याकडे असतो. गोली सोडून अठरा जण: साधारणपणे बारा फॉरवर्ड, म्हणजे तिघांच्या चार लाइन, आणि सहा बचावपटू, म्हणजे तीन जोड्या. एक शिफ्ट साधारण ४५ सेकंदांची. त्यापुढे पाय जड होतात, खेळाडू पकच्या (खेळातली रबरी चकती) मागे न जाता नुसती काठी पुढे करतो आणि समोरच्याला अडवताना दोन मिनिटांची पेनल्टी घेऊन बसतो. म्हणून पुढची लाइन आधीच पुकारलेली असते. बदल करायचा तो पक समोरच्यांच्या टोकाला खोल गेल्यावर. पक आपल्याकडे येत असताना कोणी बेंचकडे वळला, तर मागे भगदाड पडलंच समजा.

खरी गोची तीनपैकी दुसऱ्या पिरियडमध्ये होते. बाजू बदलल्यामुळे आपला गोल बेंचपासून लांब जातो. पहिल्या पिरियडमध्ये दमलेला बचावपटू चार ढांगांत बेंच गाठतो, आता त्याला मधली रेषा ओलांडून यावं लागतं. तो अडकतो, एका शिफ्टचा दीड मिनिट होतो. सुटका म्हणून कोणी पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावला तर आइसिंग: खेळ थांबतो आणि पुन्हा आपल्याच गोलजवळून सुरू होतो. २००५-०६ पासून आइसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत, आणि त्या वेळी टाइमआउट घेऊन दम खाण्याची सोयही पुढे काढून घेतली. म्हणून शहाणा कोच दुसऱ्या पिरियडमध्ये शिफ्ट आणखी आखूड करतो.

खेळ थांबला की पाहुणा संघ आधी माणसं उतरवतो, शेवटचा बदल यजमानांचा. घरच्या मैदानावर कोच समोरच्या स्टार लाइनपुढे आपली बचावाची लाइन सोडतो ती याच जोरावर. बाहेरगावी हे जमत नाही, मग खेळ चालू असतानाच माणसं फिरवावी लागतात. त्यात घाई झाली, बाहेर येणारा बेंचपासून पाच फुटांच्या आत पोचायच्या आधीच बदली खेळाडू खेळात शिरला, तर जास्त माणसं उतरवल्याची पेनल्टी. ही चूक खेळाडूची कमी, बेंचची जास्त.

प्रश्न : आइस हॉकीतला सर्वांत गाजलेला वेन ग्रेट्स्कीसारखा खेळाडू कोच म्हणून का चालला नाही? (वाचक, पुणे)

२००५ ते २००९ असे चार हंगाम ते फिनिक्स कायोटीजचे कोच होते आणि संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. सगळं खापर त्यांच्यावर फोडू नये. संघ कच्चा होता आणि क्लबची आर्थिक घडी विस्कटलेली होती. पण ज्याला पक कुठे जाणार हे न सांगता कळतं, त्याला ते दुसऱ्याला पायरीपायरीने उकलून सांगणं जड जातं, असं आमचं मत. उलट मार्टिन सेंट लुईस बघा: उंची पाच फूट आठ इंच, ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे) कोणी निवडलं नाही, प्रत्येक गोष्ट विचार करून कमवावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या एनएचएल संघाने त्यांना कोच म्हणून बोलावलं तोवर ते मुलांच्या संघांना शिकवत होते. आणि कोच म्हणून नऊ स्टॅन्ली कप जिंकणारे स्कॉटी बोमन एनएचएलमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत.

प्रश्न : मुलाच्या संघात मदतनीस कोच म्हणून नाव दिलंय. तासभराचा सराव कसा आखू? (वाचक, टोरांटोजवळ)

आधी असोसिएशनकडून प्रशिक्षण आणि पोलीस तपासणीचं काय ते विचारून घ्या. बर्फावर जाताना हेल्मेट हवंच, पट्टा बांधलेलं. मोठ्यांसाठीही तोच नियम.

पहिली दहा मिनिटं पकसह स्केटिंग. मग रिंकचे तीन भाग करून तीन गट पाडा, प्रत्येक ठिकाणी १० ते १२ मिनिटं, आणि शेवटी अर्ध्या रिंकवर छोटा सामना. रांगेत तीन-चारांहून जास्त मुलं नकोत. उभी राहिली की गारठतात आणि एकमेकांच्या काठ्या ओढायला लागतात. पाटीवरचं समजावणं मिनिटात उरका, जास्त बोलायचं असेल तर ड्रेसिंग रूममध्ये, बर्फाचं भाडं सुरू व्हायच्या आधी. पक तीसेक न्या, आणि संघ अगदी लहानांचा असेल तर सहा औंसांचे काळे नव्हे, चार औंसांचे निळे. जड पकने चिमुरडी मनगटाऐवजी अख्खा खांदा फिरवायला शिकतात, आणि ती खोड मोडताना पुढच्या कोचच्या नाकी नऊ येतात.