एकाच कुटुंबातल्या दोन चिपसाठी डिव्हाइस ट्री कॉपी करावी की सामाईक ठेवावी?

डिव्हाइस ट्री म्हणजे चिपवर आणि बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे हे लिनक्स कर्नलला सांगणारं वर्णन. तुमच्या दोन्ही चिपमधले बहुतेक पेरिफेरल (चिपमधले क्लॉक, कंट्रोलर असे जोडभाग) सारखे आहेत, थोडेच वेगळे. अशा वेळी पहिलीची डीटीएसआय (इतर फाइल्समध्ये इन्क्लूड करायची डिव्हाइस ट्रीची फाइल) कॉपी करून दुसरीची बनवू नका. पुढे कुणीतरी एका फाइलमधलं क्लॉक दुरुस्त करतं, दुसरीत ते तसंच राहतं, आणि वर्षभराने दोन फाइल्समधला कुठला फरक खरा नि कुठला विसराळूपणाचा, हे सांगता येत नाही.

आधी एक बघा: मोठ्या चिपमध्ये लहानीचं सगळंच आहे का? एसटीएम३२एमपी१५ मालिकेत आहे. १५१ मध्ये एकच कॉर्टेक्स-ए७ कोर, १५३ मध्ये दुसरा कोर आणि कॅन-एफडी (गाड्यांमधल्या जाळ्याचा कंट्रोलर), १५७ मध्ये वर जीपीयू आणि डीएसआय (डिस्प्ले जोडणी). त्यामुळे १५३ ची फाइल १५१ ला इन्क्लूड करते आणि १५७ ची १५३ ला. सरळ उतरंड.

आय.एमएक्स६ मध्ये ते जमत नाही. तिथल्या क्वाड चिपला चार कोर, साटा (डिस्कची जोडणी), दुसरा आयपीयू (चित्र-प्रक्रियेचा भाग). ड्युअललाइट चिपला यातलं काही नाही, पण तिच्याकडे आयटूसी या छोट्या सिरियल बसचा एक कंट्रोलर जास्तीचा. म्हणून तिथे ‘६क्यूडीएल’ अशी तिसरी फाइल आहे, जी कुठल्याच एका चिपची नाही. मला सर्वांत आवडतं ते तिथलं पिनमक्सचं, म्हणजे कुठल्या पिनेला कुठलं काम द्यायचं ते ठरवण्याचं, काम. दोन्ही चिपच्या पिना जुळतात, पण रजिस्टरचे ऑफसेट वेगळे. तर दोन हेडर फाइल्समध्ये मॅक्रोंची नावं तीच ठेवली, आकडे मात्र ज्या त्या चिपचे. बोर्डाची सामाईक फाइल फक्त नाव लिहिते. आकडा कुठला घ्यायचा ते आधी कुठली चिप इन्क्लूड केली त्यावर ठरतं.

ऑलविनरचे एच३ आणि एच५ तर ३२ आणि ६४ बिटचे, तरी फाइल सामाईक. एमएमसीच्या (मेमरी कार्डच्या कंट्रोलरच्या) नोडमध्ये, म्हणजे ट्रीतल्या त्या भागाच्या नोंदीत, पत्ता आणि इंटरप्ट सामाईक फाइलमध्ये; कम्पॅटिबल (कुठला ड्रायव्हर लागू हे सांगणारं नाव) आणि क्लॉक चिपच्या स्वतःच्या फाइलमध्ये.

चिपच्या फाइलमध्ये डिलीट-नोड (इन्क्लूड करून आलेला नोड काढून टाकायची सूचना) लिहावं लागलं, तर तो नोड सामाईक फाइलमध्ये नकोच होता असं समजा. आणि नसलेलं हार्डवेअर ‘डिसेबल्ड’ करून ठेवू नका. डिसेबल्ड म्हणजे आहे पण बंद; उद्या कुणी बोर्डाच्या फाइलमध्ये ‘ओके’ करेल आणि ड्रायव्हर अस्तित्वातच नसलेल्या रजिस्टरला हात घालेल.

कम्पॅटिबलमध्ये नेमक्या चिपचं नाव आधी, जुन्या सुसंगत चिपचं मागून. ‘६एक्स’ छापाची मोघम नावं नकोत, कर्नलचे मेंटेनर पॅच परत पाठवतात.

आधीच कॉपी झाली असेल तर सामाईक भाग वेगळा काढण्याचा कमिट स्वतंत्र ठेवा, त्यात दुरुस्त्या मिसळू नका. आधीची आणि नंतरची डीटीबी (कम्पाइल केलेली डिव्हाइस ट्री) कर्नलमधल्याच डीटीएक्स-डिफ या स्क्रिप्टने ताडून बघा. ते नोड क्रमाने लावून घेतं, त्यामुळे जागा बदललेले नोड फरक म्हणून दिसत नाहीत. पी-हँडलचे, म्हणजे एका नोडने दुसऱ्याकडे बोट दाखवायला वापरलेले, आकडे तेवढे हलतील. ते सोडून काही दिसलं तर थांबून शोधा.